सहाव्या गाण्यातला घोडा

दुपारी चार वाजले की माझा चहाचा कप टेबलावरून चालायला लागायचा. बशीत ठेवला असेल तर बशीसकट. पाहुण्यांना वाटायचं भूकंप झाला. मी म्हणायचे, "बसा हो, बावन्न मिनिटांत थांबेल."

खालच्या मजल्यावर दादाचं सुतारकामाचं दुकान आहे. दादा माझा भाऊ नव्हे, शेजारी; सगळेच त्याला दादा म्हणतात. चारच्या सुमाराला तो खुर्च्यांच्या पायांना सरस लावून क्लॅम्प आवळतो आणि अल्बम लावतो. गेली अकरा वर्षं तोच एक. सरस धरायला पंचेचाळीस मिनिटं लागतात असं डब्यावर छापलेलं आहे, अल्बम बावन्न मिनिटांचा आहे. वरची सात मिनिटं दादा खुर्चीला बक्षीस देतो. त्यानं केलेल्या खुर्चीचा पाय निखळलेला मी तरी पाहिला नाही.

दादाला जन्मापासून ऐकू येत नाही. सरकारी कागदावर कर्णबधिर लिहितात. तो स्वतः ठसठशीत अक्षरात "बहिरा" लिहितो आणि पुढे जातो. आमचं दोघांचं बोलणं प्लायवूडच्या तुकड्यांवर चालतं. तो लिहितो, मी खाली उत्तर लिहिते, तो पुन्हा लिहितो. त्याच्याकडे तुकड्यांना तोटा नाही आणि मी शिक्षिका असल्यामुळे माझ्याकडे पेन्सिलींना नाही. एकदा मी विचारलं, हा अल्बम तुला मिळाला कुठे? त्यानं लिहिलं ते असं: दुकानात गेलो. स्पीकरवर हात ठेवला. एकवीस तबकड्या लावून पाहिल्या. बाकीच्या तबकड्यांत पाहुणे दारावर टकटक करतात. हे लोक दार तोडून आत येतात.

गिटार-ड्रमच्या ह्या दणदणाटाला पॉवर मेटल म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. तोवर मी त्याला "खालचं" म्हणायचे. दादानं त्यासाठी छातीएवढा उंच लाकडी स्पीकर स्वतः बनवला होता. क्लॅम्प आवळून झाले की तो त्याला पाठ लावून डोळे मिटून बसायचा, आणि गाण्याचा आकडा न पाहता बोटांवर दाखवायचा: चौथं, पाचवं, सहावं. कधी चुकला नाही.

आता धाकटी. धाकटी म्हणजे दादाची बहीण, वय अठ्ठेचाळीस, नोकरीला लागलेल्या दोन मुलींची आई. पण घरात अजून सगळे तिला धाकटीच म्हणतात. ती माझी जुनी विद्यार्थिनी. वर्गात तोंड कमी आणि हात फार हलवायची. माझ्या आधीच्या बाईंनी त्यासाठी तिला बाकावर उभंसुद्धा केलं होतं. बिचारीचा दोष काय, तर पाच वर्षांची असल्यापासून ती दादाची दुभाषी होती. डॉक्टरकडे, शाळेत, न्हाव्याकडे, सगळीकडे दादाच्या बाजूला ही उभी. मोठेपणी तोच तिचा पेशा झाला. कोर्टात, इस्पितळात, बँकेत, जिथे बहिऱ्या माणसाशी बोलायचं असेल तिथे धाकटी काळे कपडे घालून हजर. काळे अशासाठी की त्यावर हात स्पष्ट दिसतात. कोर्टात दुभाष्यानं चेहरा कोरा ठेवायचा असा संकेत आहे, तो तिनं इतका अंगात मुरवला होता की लग्नाच्या वाढदिवशीही नवऱ्याला आपल्यावर खटला चालू असल्यासारखं वाटायचं. असं तोच सांगतो.

दादाच्या संगीताबद्दल तिचं मत पक्कं होतं. "नाटक आहे ते बाई. ऐकायला येत नाही तर कळतं काय त्याला? वर शेजारी येऊन शिव्या देतात, त्या मला खुणांनी सांगाव्या लागतात."

"सांगतेस सगळ्या?"

"निम्म्या."

गेल्या वर्षी तो बँड आमच्या शहरात येणार असं ठरलं. मोठ्या सभागृहाचा नियम असा की पाच बहिऱ्या प्रेक्षकांनी मागणी केली तर कार्यक्रमाला दुभाषी द्यायचा. मागणी सात जणांनी केली. सातही अर्ज दादानंच जमवले होते. शहरात ह्या कामाचे दुभाषी दोन. एक धाकटी आणि दुसरा एक चष्मेवाला गृहस्थ. काम चष्मेवाल्याला मिळालं आणि आठवड्याच्या आत तो जिन्यावरून घसरून उजवं मनगट मोडून बसला. मग सभागृहाच्या कचेरीनं सातही अर्ज धाकटीकडे पाठवून दिले.

त्याच संध्याकाळी धाकटी जिना दणादणा चढून माझ्याकडे आली. हातात एक कागद.

"वाचा."

दादाचा अर्ज होता. दुभाषी कोण हवा, ह्या रकान्यात लिहिलं होतं: कोणीही. बहीण सोडून. शेजारी कारणाचा रकाना होता. त्यात दोनच शब्द: ती गाळते.

"त्रेचाळीस वर्षं!" धाकटी म्हणाली. "त्रेचाळीस वर्षं ह्याच्यासाठी हात झिजवले मी. आणि गाळते म्हणतो!"

"गाळतेस का?"

ती खुर्चीत बसली. दादानंच केलेली खुर्ची. मग म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगा. जेवायला बसलोय. एका हातात चमचा, एका हातात पाव. मामा काहीतरी बोलतो, दहा माणसं एकदम हसतात. दादा मला विचारतो, काय झालं? मी काय करू, पाव डोक्यावर ठेवू?"

"मग काय करतेस?"

तिनं बाहीवरची धूळ झटकावी तसा हात हलवला. "काही विशेष नाही, नंतर सांगते. एवढंच."

"आणि नंतर?"

तिनं पुन्हा तसाच हात हलवला. ती खूण मी ओळखत होते. दादाच्या सगळ्या खुणांपैकी मला समजणारी ती पहिली, कारण चिडला की तो ती स्वतःच स्वतःला करून दाखवायचा.

दुसऱ्या दिवशी दादा वर आला. माझ्यासाठी नव्हे, ती वर आहे हे पाहून. प्लायचा तुकडा त्यानं लिहूनच आणला होता, आणि मलाही वाचता यावा असा टेबलावर ठेवला. सगळं सांग. एक शब्दही गाळायचा नाही. एकदा जरी 'काही विशेष नाही' केलंस तर ह्यापुढे तू नको. डॉक्टरकडे नको, बँकेत नको. मनगटवाला बरा झाला की तो.

धाकटीनं तुकडा दोनदा वाचला. तिचा कोरा चेहरा तेवढ्यापुरता कोरा राहिला नाही. मग तिनं पेन्सिल घेऊन खाली लिहिलं: तो न्हाव्याकडे येईल का तुझ्याबरोबर?

दादानं लिहिलं: येईल. विचारलंय.

तर अशी आमची शिकवणी सुरू झाली. मंगळवार आणि शुक्रवार, साडेपाच ते सात. गाणी इंग्रजीत होती, मी शाळेत इंग्रजीच शिकवायचे, म्हणून अल्बमबरोबरची शब्दांची पुस्तिका घेऊन धाकटी माझ्याकडे. बँड कुठल्या तरी थंड देशातला, आणि ज्यानं गाणी लिहिली त्यालाही इंग्रजी परकंच असणार हे तिसऱ्या ओळीत कळलं. शाळेत असता तर मी त्याला काठावर पास केला असता, तोही अक्षर बघून.

आधी आम्ही गाणं ऐकायचो. पहिल्या दिवशी एक मिनिट झालं आणि धाकटीनं बटण दाबलं. "बाई, हे जिन्यावरून सुऱ्या-चमच्यांचं कपाट पडतंय असं वाटतं."

"आणि त्यावर एक माणूस उभा राहून मदत मागतोय," मी म्हटलं.

मग अर्थ लावायला बसलो. दुभाष्याला अर्थ लागल्याशिवाय हात उचलता येत नाही. तुम्ही-आम्ही गाणं ऐकतो आणि अर्थाच्या जागी मान हलवतो, तिला ती सोय नाही. कोण बोलतोय, कुणाशी, तो उभा कुठे आहे, सगळं ठरवावं लागतं. सगळ्या गाण्यांत मिळून एकच गोष्ट होती, एका राजाची आणि ड्रॅगनची; राजाला ती डावीकडे ठेवते, ड्रॅगनला उजवीकडे. एकदा डावीकडे ठेवलेला राजा नऊ गाणी डावीकडेच राहिला पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याला वाटेल ड्रॅगनच शपथ घेतोय.

शपथा मात्र फार. पहिल्या गाण्यात राजाचं राज्य जातं आणि तो तलवार शोधायची शपथ घेतो. दुसऱ्यात पुन्हा शपथ घेतो. तिसऱ्यात वादळ होतं आणि तो वादळाची शपथ घेतो.

"हा निघणार कधी?" धाकटी वैतागून म्हणाली. "कोर्टात एकदा शपथ घेतली की पुरते."

"चौथ्यात निघतो. हे बघ, पहाट, खिंड, घोडा."

"ही 'शाश्वत ज्योत' कुठे आहे पण? हातात की आकाशात? मला हात कुठेतरी न्यावा लागेल ना!"

मी पुस्तिका डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. ज्योत कुठे आहे हे ज्यानं लिहिलं त्यालाही ठाऊक नव्हतं. शेवटी आम्ही ती छातीत ठेवली. तिथे सगळं खपतं.

धाकटीचा नवरा विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. तिला न्यायला यायचा आणि दारातूनच चौकशी करायचा, "आज कुठवर? किल्ला जळला का? ड्रॅगननं जाळला असेल तर मिळत नाही हं काही. आगीत धरत नाहीत ते."

"तुम्ही गाडीत बसा," धाकटी म्हणायची.

"आणि हा माणूस इतका ओरडतो कशाला? कुणी पायावर उभं आहे का त्याच्या?"

पण ओरडणं तिसऱ्या आठवड्यात कमी झालं. म्हणजे तो तेवढाच ओरडत होता, आम्हाला वाटेनासं झालं. कपाट पडल्याच्या आवाजामागे एक चाल आहे आणि ती साधी, गोड, जवळजवळ बालगीतासारखी आहे, हे आधी मला दिसलं, मग तिला. ती मान्य करेना. दोन दिवसांनी बँकेत एका गिऱ्हाइकाला मुदत ठेवीचे नियम खुणांनी सांगताना ती तीच चाल गुणगुणत होती. खिडकीमागच्या बाईनं विचारलं, "काय छान आहे हो, काय आहे?" धाकटी म्हणाली, "काही विशेष नाही," आणि घरी येईपर्यंत स्वतःवर चिडत राहिली.

सहाव्या गाण्यात घोडा मरतो. खिंड ओलांडताना बर्फात पाय जातो, राजा त्याच्याजवळ बसतो, आणि चारच ओळी आहेत, पुन्हा काही नाही. मंगळवारी आम्ही अर्थ लावला. बुधवारी ती इस्पितळातून गाडीनं घरी जात होती. सिग्नलला थांबली, सिग्नल हिरवा झाला, मागचे भोंगे वाजवत राहिले आणि ही स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडतेय.

शुक्रवारी आल्या आल्या म्हणाली, "घोड्याला नावसुद्धा दिलं नाही मेल्यांनी!"

मी माझ्या डोळ्यांचं काही बोलले नाही.

पाचव्या आठवड्यात ती दादाला दाखवायला तयार झाली. खाली, दुकानात. दादा स्टुलावर हातांची घडी घालून बसला, मी लाकडांच्या ढिगावर. अल्बम सुरू झाला. धाकटी उभी राहिली आणि एकही शब्द न सोडता तिनं पहिलं गाणं सांगितलं, दुसरं सांगितलं. मला वाटलं, जिंकली. दादा बघत होता. मग त्यानं एक खूण केली, जिचा अर्थ तिनंच मला नाइलाजानं सांगितला: "तुझा चेहरा बँकेच्या खिडकीसारखा आहे. राजा राज्य मागतोय की पासबुक?"

ती पुढे गेली. चौथं गाणं. शब्द संपले, गिटारचा सोलो सुरू झाला, आणि धाकटीनं कोर्टातल्या सवयीप्रमाणे हात पोटाशी जुळवून ठेवले. कुणी बोलत नसेल तर दुभाषी असाच उभा राहतो.

दादानं इकडेतिकडे पाहिलं आणि खुणेनं विचारलं, "बंद पडलं?"

"नाही. चालू आहे. गिटार वाजतंय नुसतं."

"काय वाजतंय?"

धाकटीचा हात आपोआप वर गेला आणि बाहीवरची धूळ झटकून खाली आला.

मला वाटतं तिला स्वतःलाच आधी दिसलं. दादा उठला, रंधा उचलला आणि पाठ फिरवून फळी तासायला लागला. बहिऱ्या माणसानं पाठ फिरवली की बोलणं संपलं. मागून हाक मारायची सोय नाही.

ती वर माझ्याकडे आली. "शब्दच नाहीत तिथे, बाई. शब्द नाहीत तर गाळलं काय मी?"

मी इतकंच म्हटलं की त्यालाच विचार.

दुसऱ्या दिवशी चार वाजता कप चालायला लागला आणि मी खिडकीतून पाहिलं तर धाकटी दुकानात शिरत होती. पुढचं तिनं मला सांगितलं. दादा स्पीकरला टेकून बसला होता. ती काही न विचारता शेजारी बसली, तीही पाठ लावून, आणि खिशातून कापूस काढून दोन्ही कानांत गच्च कोंबला. बावन्न मिनिटं बसली. क्लॅम्प सोडायची वेळ झाली तेव्हा तिनं विचारलं, "चौथ्या गाण्यात मधे दोन मिनिटं नुसते ड्रमच का वाजतात?"

दादा तिच्याकडे वळला. मग म्हणाला, आणि हे तिनं मला त्याच्याच खुणा करून दाखवलं: "मला काय माहीत? ड्रम इथे लागतात, कमरेत. जाड आवाज बसतो त्या हाडात. गाणाऱ्याचं थोडं छातीत येतं. वरचं मला काहीच येत नाही. अकरा वर्षं वाटतंय, तिथे मधे मधे सगळे कुणाची तरी वाट बघत थांबतात. शब्द तर पुस्तिकेत आहेत, वाचता येतात मला. वरचं तू सांग."

म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी त्याला दुभाषी हवा होता, तीच हिनं धुळीसारखी झटकली होती.

पुढचे तीन आठवडे माझ्याकडची शिकवणी बंद पडली आणि खाली सुरू झाली. मी जिन्यात बसून बघायचे. धाकटीपुढे प्रश्न मोठा होता. गाळणं हा दुभाष्याचा गुन्हा, तसा भर घालणं हाही गुन्हा. सहाव्या गाण्यातला सोलो म्हणजे घोडा पळतोय असं सांगितलं तर? पण तसं लिहिलेलं नाही, ती तिची कल्पना. नवऱ्याचं म्हणणं पडलं, "घोडा मेलाय. मेलेला घोडा पळतो असं लिहून दिलंस तर मी दावा फेटाळीन." त्या दिवशी पहिल्यांदा तो कामाचं बोलला. मग तिनं ठरवलं, जेवढं वाजतं तेवढंच सांगायचं. सूर चढला की बोटं चढतील, थरथरला की थरथरतील. दोन गिटार एकत्र आली की दोन हात शेजारी शेजारी धावतील, एक वर, एक जरा खाली, आणि एकानं साथ सोडली की तो हात गळून पडेल. घोडा बघायचा तर बघणाऱ्यानं बघावा.

जमेना. चेहरा आडवा येई. कोर्टात अठरा वर्षं कोरा ठेवलेला चेहरा. भुवईसुद्धा परवानगी मागून हलायची. दादा रंध्यानं फळीवरून लांब सालपट काढून तिच्या नाकासमोर धरायचा: हे असं, तुटू न देता. ती पुन्हा करायची. तो मान हलवायचा. ती चिडून काहीतरी खूण करायची, तो त्याहून वाईट खूण करायचा. मी त्या खुणांचा अर्थ विचारला नाही. हात कुठे कुठे जात होते त्यावरून कळत होता.

कार्यक्रमाच्या दिवशी मी कापूस घेऊन गेले. सभागृहाबाहेर काळ्या कपड्यांतली, दंडांवर कवट्या गोंदवलेली, केस कमरेपर्यंत वाढवलेली माणसं. इतकी सभ्य गर्दी मी पालकसभेतही पाहिली नव्हती. एक दाढीवाला राक्षस मला म्हणाला, "आजी, इथे बसा, इथे धक्का लागणार नाही," आणि माझ्यापुढे भिंत होऊन उभा राहिला. मग काही दिसेना, म्हणून त्यालाच बाजूला व्हायला सांगावं लागलं.

डाव्या कोपऱ्यात दादानं सात जणांसाठी प्लायचा पोकळ ओटा ठोकला होता, म्हणजे आवाज पायांतून वर येईल. सातही जण बूट काढून त्यावर उभे. त्यांच्यासमोर दिव्याच्या झोतात धाकटी.

गाणारा पन्नाशीचा, चामड्याची विजार इतकी घट्ट की त्या उंच सुराचं कारण मला तिथे कळलं. त्याचे केस उडावेत म्हणून खाली एक मोठा पंखा लावला होता, आणि त्याचा अर्धा वारा धाकटीवर. पहिल्याच गाण्यात तिचा अंबाडा सुटला. केस तोंडावर, हात कामात गुंतलेले, केस सारायला तिसरा हात नाही. तिनं मान झटकून केस मागे टाकले. पुन्हा आले, पुन्हा झटकले. माझ्या शेजारचा राक्षस भारावून म्हणाला, "ही बाई बँडमधलीच आहे का?"

दुसऱ्या गाण्यानंतर गाणारा पाणी प्यायला, आणि माइक चालू असताना गिटारवाल्याकडे वळून पुटपुटला की हॉटेलातली उशी दगडासारखी आहे, गुडघा सुजलाय आणि ह्या शहरातल्या लोकांना ताल कमी आहे. सभागृहात अर्ध्या लोकांचं लक्षही नव्हतं. दादाचे डोळे धाकटीच्या हातांवर होते. तिनं सगळं सांगितलं: उशी, गुडघा आणि ताल. त्या विजारीत गुडघा वाकत नाही म्हणून तो कसा एका पायावर उभा होता, तेही उभं राहून दाखवलं. सातही जण असे हसले की गाणाऱ्यानं दचकून त्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि गुडघा चोळला.

मग सहावं. चार ओळी झाल्या, घोडा बर्फात आडवा झाला, राजा खाली बसला, आणि शब्द संपले. धाकटीनं हात जुळवले नाहीत.

मी संगीतातली नाही. मला एवढंच सांगता येईल की मी कानांतला कापूस काढला होता आणि तरी बघत होते तिच्याकडेच. तिचे दोन हात शेजारी शेजारी निघाले, चढत गेले, खांद्याच्या वर, डोक्याच्या वर. मग खालचा हात मागे पडला, थबकला, आणि वरचा एकटाच पुढे धावत राहिला. चेहऱ्यावर बँकेची खिडकी उरली नव्हती. आणि अगदी वरच्या टोकाला गिटारवाल्याचं बोट घसरलं. एक सूर कचकन वाकडा लागला, त्यानं तोंड वेडंवाकडं केलं. धाकटीच्या हातानं तिथेच ठेच खाल्ली आणि तिनंही तसंच तोंड केलं: चुकला.

दादानं मान मागे टाकली आणि तो हसला. मोठ्यानं. त्याला स्वतःच्या हसण्याचा आवाज माहीत नाही, त्यामुळे तो त्यात काही काटकसर करत नाही. हसत होता आणि डोळे पुसत होता, आणि नजर तिच्यावरून हलवत नव्हता, कारण सोलो अजून संपला नव्हता.

कार्यक्रमानंतर दादा तिच्याजवळ आला. तिच्या केसांत अडकलेली पिन काढून तिच्या हातात दिली आणि ओटा उचकटायला गेला.

पुढच्या रविवारी धाकटीनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. मलाही. टेबलाभोवती आम्ही आठ जण, मामा धरून. सूप होतं. दादा सूप पितो ते तिसऱ्या गाण्यातल्या वादळासारखं. त्याला कोण सांगणार? धाकटीचा नवरा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "बाई, हा भुरके मारतो की पंप चालू आहे?" मला हसू आवरलं नाही. मामाही हसला.

दादानं चमचा खाली ठेवला आणि बहिणीकडे पाहिलं. काय झालं?

धाकटीच्या एका हातात चमचा होता, एका हातात पाव. नवरा तिला डोळ्यांनी खुणावत होता, नको नको. तिनं चमचा ठेवला, पाव ठेवला, हात पुसले आणि सगळं सांगितलं. भुरके सांगितले. पंप तर असा सांगितला की दांडा वरखाली होताना दिसला.

नवऱ्याचे कान लाल झाले होते.

दादानं विचार केला. मग त्यानं उत्तर दिलं आणि धाकटीनं ते खणखणीत आवाजात टेबलाला ऐकवलं, "तो म्हणतोय, असेल बुवा. मला तर काही ऐकू आलं नाही."

मग जो गोंधळ झाला त्यात मामानं आपली एक जुनी गोष्ट काढली, नवऱ्यानं तिला फाटे फोडले, दोघी मुली मधे बोलायला लागल्या, आणि धाकटी सांगत राहिली. कोण काय म्हणालं, कुणी कुणाला टोमणा मारला, मामा गोष्ट चौथ्यांदा सांगतोय हेही. दादा चौघांकडे आळीपाळीनं बघून आपलंही मधे घालत होता, ते ती आम्हाला सांगत होती. अर्धा तास तिचे हात खाली आले नाहीत. आम्हा सगळ्यांची ताटं रिकामी झाली. तिच्या सुपावर साय धरली.

दादाचं लक्ष तिकडे गेलं. तो उठला, तिचं भांडं उचलून आत घेऊन गेला, गरम करून आणून तिच्यापुढे ठेवलं, आणि तिच्या हातात चमचा दिला. मामा तेव्हाच काहीतरी बोलला, सगळे हसले, तिचा चमचा लगेच खाली जायला लागला. दादानं तिचं मनगट धरलं.

आणि बाहीवरची धूळ झटकली. "आधी जेव," तो म्हणाला. "नंतर सांग."